कोरड्या मुलखातली जागृत ठिकाणे

बीड जिल्ह्यात वाळवंट नाही. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो, आणि जैसलमेरला तो दोनशेच्या आतबाहेर असतो. पण हा हिशेब एप्रिल-मे महिन्यात पाटोद्याहून आष्टीकडे निघालेल्या माणसाला सांगून पाहावा. सह्याद्रीने ढगांतले बहुतेक पाणी आधीच उतरवून घेतलेले असते. उरलेले बालाघाटाच्या माथ्यावर चार-दोन दणक्यांत पडते, उतार धरते आणि सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा, सीना यांच्या वाटेने जिल्ह्याबाहेर पडते. मागे राहतो काळा पाषाण, त्यावर वीतभर माती आणि बाभळी. कागदावर हा प्रदेश अवर्षणप्रवण म्हणून नोंदलेला आहे. डोळ्यांना आणि घशाला तो चार महिने वाळवंटच वाटतो.

अशा मुलखात देवस्थानांची दाटी आहे. ज्योतिर्लिंग आहे, शक्तिपीठाचा मान असलेली देवी आहे, नाथांच्या समाध्या आहेत, वारकऱ्यांचे गड आहेत, लिंगायतांचे तीर्थ आहे, सुफींचे दर्गे आहेत. बीडच्या दक्षिणेला करजणी गावी एक घुमटी आहे. महंमद तुघलकाचा इकडच्या स्वारीत दात पडला आणि त्याने तो इतमामाने तिथे पुरला, असे सांगतात. सुलतानाच्या दातालाही जिथे कबर मिळते तिथे संतांच्या देहांना केवढा मान असेल, याचा अंदाज यावरून यावा.

पुढच्या पानांतली प्रकरणे या ठिकाणांच्या वाऱ्यांतून तयार झाली आहेत. लोक या जागांबद्दल बोलताना पूर्वी एवढेच म्हणत, ‘देव जागृत आहे तिथला.’ नवसाला पावतो, खोटी शपथ चालत नाही, अंगात वारे येते, अशी त्या जागृतपणाची लक्षणे होती. गेल्या काही वर्षांत त्या जागी ‘ऊर्जा’ हा शब्द आला. पुण्या-मुंबईहून टेम्पो ट्रॅव्हलरने येणारी मंडळी गाभाऱ्यात डोळे मिटून बसतात आणि बाहेर आल्यावर ‘व्हायब्रेशन्स’ची चर्चा करतात. कुणी तांब्याचे पिरॅमिड घेऊन येतो, कुणी लंबक. मला त्यांची थट्टा करायची नाही. माणूस आठ तास प्रवास करून येतो तेव्हा त्याला काहीतरी हवे असते, आणि ते इथे मिळाल्याचे तो प्रामाणिकपणे सांगत असतो. माझी तक्रार एवढीच की ऊर्जा म्हटले की विचारणे थांबते. ही जागाच का, शेजारची टेकडी का नाही, इथे पूर्वी काय होते, लोक कोणत्या महिन्यात येतात, या प्रश्नांवर एक शब्द झाकण म्हणून बसतो.

कोरड्या प्रदेशांचे हे वेड जगभर आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात सेडोना नावाचे गाव आहे, लाल खडकांनी वेढलेले. तिथल्या काही ठरावीक कड्यांपाशी ऊर्जेचे भोवरे आहेत असे १९८०च्या सुमारास पेज ब्रायंट या बाईंनी सांगितले. १९८७च्या ऑगस्टमध्ये ग्रहांच्या एका योगासाठी हजारो लोक तिथे गोळा झाले, आणि त्यानंतर भोवऱ्यांच्या सहली, स्फटिकांची दुकाने असा सगळा व्यवहार उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचा उलुरू हा प्रचंड खडक अनंगू लोकांना पवित्र. त्यांनी कितीतरी वर्षे विनवूनही प्रवासी त्यावर चढतच राहिले, आणि अखेर ऑक्टोबर २०१९मध्ये चढाई बंद झाली. या दोन्ही गोष्टींत एक फरक जाणवतो. सेडोनातली शक्ती बाहेरून आलेल्यांनी शोधली. उलुरूची शक्ती तिथल्यांची, आणि बाहेरचे तिच्यावर पाय देऊन चढले. बीडची ठिकाणे अजून पूर्णपणे स्थानिकांची आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर येतात, पण यात्रेचा दिवस ठरतो तो पेरणी, काढणी आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यावरून, म्हणजे गाळपाच्या हंगामावरून.

नकाशा समोर घेऊन या ठिकाणांवर खुणा करत गेलो की त्यांतल्या पुष्कळशा बालाघाटाच्या कडेवर पडतात, जिथे पठार तुटते आणि दरी सुरू होते. याला कारण आहे. दख्खनचा हा सगळा भाग लाव्हाच्या थरांचा. विहिरी खणणाऱ्यांना विचारा, ते मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे थर बोटावर मोजून दाखवतील. मांजऱ्या सच्छिद्र असतो, त्यात पाणी मुरते. खाली काळा पाषाण लागला की ते अडते आणि आडवे सरकत राहते. पठाराची कड जिथे कापली गेली आहे तिथे हे सरकणारे पाणी उघड्यावर येते, म्हणजेच झरा फुटतो. माथ्यावर घागरभर पाण्यासाठी भांडणे होत असताना शंभर-दीडशे फूट खाली, दरीच्या तोंडाशी, कातळातून पाणी ठिबकत असते. कुणी खणलेले नाही, कुणी आणलेले नाही. अशा ठिकाणी पिंडी नसती तरच आश्चर्य होते.

कपिलधार त्यातले सगळ्यांत बोलके. धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्यापाशी वळले की रस्ता माथ्यावरून एकदम दरीत उतरतो. उतरता उतरता हवा बदलते, झाडी दाट होते, आणि तळाशी कड्यावरून पडणाऱ्या धारेशेजारी मन्मथस्वामींची समाधी येते. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी, मराठीत ‘परमरहस्य’ लिहिणारे. कार्तिक पौर्णिमेला इथे यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या पायी येतात, शिवा शिवा म्हणत घाट उतरतात. या तिथीकडे जरा लक्ष द्यावे. पावसाळा संपलेला असतो, रब्बीची ज्वारी पेरून झालेली असते, आणि धबधब्याला अजून धार असते. दोन महिने उशीर झाला तर ही धार दोरीएवढी होते, आणि वाईट वर्षी कड्यावर फक्त ओल उरते. कपिलमुनींनी इथे तप केले म्हणून कपिलधार, असे सांगतात. मुनी तपाला बसले तेव्हा त्यांनीही आधी पाण्याची सोय पाहिली असणार.

सौताड्याचे तेच. विंचरणा नदी पाटोदा तालुक्यातल्या पठारावरून चालत येते आणि सौताड्यापाशी एकाएकी खोल घळीत उडी घेते. घळीच्या तळाशी रामेश्वर. श्रावणी सोमवारी पायऱ्यांवर मुंगीला वाट मिळत नाही. आणि त्याच पायऱ्या मे महिन्यात उतरून जावे, म्हणजे या ठिकाणाबद्दल लोक एवढ्या हळव्या आवाजात का बोलतात ते कळते. वर बेचाळीस अंश तापमान, डोक्यावर सावली नाही. खाली उंच कड्यांची दिवसभर सावली, ओलसर दगड, जाड भिंतींचा अंधारा गाभारा. अंगावर काटा येतो, श्वास आपोआप लांबतो, डोके शांत होते. हे ज्याला होते तो त्याला ऊर्जा म्हणो की कृपा म्हणो. शरीरात घडते ते खरे आहे, आणि ते घडवून आणणारे कारागीर कुणी साधेसुधे नव्हते.

बीड शहरातला कंकालेश्वर या कारागिरीचा नमुना. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे असलेले हे दगडी देऊळ उत्तर चालुक्य किंवा यादव वळणाचे. तीन गाभारे, बाहेर शिल्पांची रांग, आणि चहूबाजूंनी पाणी. कोरड्या गावात देवाला पाण्यात उभे करायची कल्पना ज्याला सुचली त्याला तहान ठाऊक होती. इथे माझा सोपा नियम मात्र अडतो. बीडपासून जवळच खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली. भुयारी मार्गाने तीत पाणी येते आणि भुयारी मार्गानेच शेताकडे जाते, आणि शतकानुशतके त्यावर मळे भिजले. पाण्यावरूनच जागा जागृत ठरत असती तर बीड जिल्ह्यातले पहिले तीर्थ खजाना विहीर झाली असती. तिथे कुणी नवस बोलत नाही. बांधणाऱ्याचे नाव ठाऊक असले की चमत्कार उरत नाही म्हणावे, तर कंकालेश्वराचे कुंडही माणसांनीच खोदलेले आहे. नियम पुरता बसत नाही तिथे तो ओढून बसवण्यात अर्थ नाही.

पाण्याच्या नात्याने आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. तो देवळात भेटणार नाही, बांधावर भेटेल. पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा दुबेळकी काडी धरून तो शेतातून चालतो. नारळ उभा राहिला की थांबतो, आणि तिथे बोअर घ्यायचे ठरते. शिकलेली मंडळी हसतात, आणि मग स्वतःच्या शेतात बोअर घ्यायच्या आदल्या दिवशी त्यालाच बोलावतात. नारळाला पाणी कळते याला कसलाही पुरावा नाही, आणि फसलेल्या बोअरचे कर्ज पाणाड्या फेडत नाही. पण जुन्या पाणाड्यांची नजर उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, मातीचा रंग कुठे बदलतो यावरही असे. ही विद्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या ‘दकार्गल’ अध्यायात मांडून ठेवली आहे. कोणते झाड कुठे असले की किती खोलीवर पाणी, याचे तिथे कोष्टकच आहे. जमिनीतली शक्ती ओळखणे हा या भागात छंद कधीच नव्हता. त्यावर घरातल्यांचे वर्ष अवलंबून असते.

आता गडांकडे. इथे झऱ्याचे सूत्र उपयोगी पडत नाही, कारण गड उंचावर आहेत आणि कोरडे आहेत. गर्भगिरीच्या डोंगररांगेत नाथांची ठिकाणे ओळीने लागतात. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथ, पलीकडे नगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथ, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड, येवलवाडीला जालिंदरनाथ. निवृत्तिनाथांना उपदेश केला तो याच गहिनीनाथांनी, म्हणजे ज्ञानेश्वरीचा एक धागा या खडकातून निघतो. मायंबाला गुढीपाडव्याच्या तोंडावर नाथांच्या समाधीला उटणे लावतात, आणि भाविक पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने खांद्यावर घेऊन चालत येतात. खाली झऱ्यांच्या ठिकाणी माणूस पाण्यापाशी जातो. इथे फाल्गुन-चैत्राच्या उन्हात माणूस पाणी घेऊन डोंगर चढतो आणि ते दगडावर ओततो. हिशेबी माणसाला हा अपव्यय वाटेल. ज्याच्या घरी टँकरची वाट पाहिली जाते तो घागरभर पाणी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणून देऊन टाकतो, याचे मोल मात्र ज्याला तहान माहीत आहे त्यालाच लावता येईल.

वारकरी गडांची गोष्ट आणखी निराळी. नगद नारायणाचा नारायणगड, ज्याला धाकटी पंढरी म्हणतात. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पाथर्डी तालुक्यात पण मनाने बीडचाच असलेला भगवानगड. या गडांचे बळ कुठून येते ते पाहायचे तर दसऱ्याला जावे. दसरा उलटला की बालाघाटावरची काही लाख माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, खर्चही झालेली. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत. निघण्यापूर्वी गावोगावचे लोक एका ठिकाणी, एका ध्वजाखाली भेटतात. पट्टा पडला की परत येतात, आणि मग उन्हाळ्यात कुठल्यातरी गावात गडाचा नारळी सप्ताह असतो. पुढच्या वर्षीचा सप्ताह मागणाऱ्या गावाला नारळ दिला जातो, आणि ते गाव वर्षभर तयारीला लागते. मळणीयंत्रासारखी अन्नाची व्यवस्था चालते, ट्रॅक्टरने भाकरी येतात, कढयांत डाळ शिजते. विखुरलेल्या समाजाला वर्षातून दोनदा एकत्र आणणारी ही जागा आहे, आणि तिथली शक्ती हजारो माणसांची आहे. राजकारण्यांना हे फार आधी समजले. दसरा मेळाव्यांचा इतिहास या पुस्तकात नाही. तो विषय स्वतंत्र आहे, आणि त्यात अध्यात्म शोधावे लागेल.

गोदाकाठ मी इथे भरभर ओलांडतो, कारण प्रकरणांत तो सविस्तर आहे. राक्षसभुवनला शनीचे जुने ठाणे. तिथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२चा ताम्रपट सापडला. अधिक महिन्यात तिथे जावयांची आणि अनारशांची गर्दी असते, आणि देवळाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या विटा बघायला लोक थांबतात.

परळीपाशी मात्र थांबायला हवे. या गावात दोन्ही प्रकारच्या ऊर्जा शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे वैजनाथाचे देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले. इथल्या लिंगात अमृत आणि धन्वंतरी दडलेले आहेत अशी श्रद्धा, म्हणून लिंगाला हात लावून दर्शन घ्यायचे. जातीपातीचे फार चोचले न करता सामान्य भाविकाला स्पर्शदर्शन मिळते, ही या देवस्थानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. (खरे वैद्यनाथ परळीचे की झारखंडातल्या देवघरचे, हा वाद पुस्तकात घेतलेला नाही. दोन्हीकडचे भाविक बरे होऊन घरी जातात.) दुसरीकडे औष्णिक विद्युत केंद्राची धुरांडी. १९७१ साली पहिला संच सुरू झाला, आणि गावात त्याला नुसते ‘थर्मल’ म्हणतात. कोळसा लांबून येतो, पण वाफ करायला पाणी लागते. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, आणि २०१५ साली पुन्हा सगळे संच थांबले. धुरांडी गार पडली, आणि देवळासमोरची रांग तशीच होती. भक्तांनी याचा अर्थ आपल्या बाजूने लावला. मी एवढेच नोंदवतो की हरिहर तीर्थाचे पाणी वैजनाथाच्या पूजेला लागते, आणि टर्बाइनलाही पाणीच लागते.

मक्केचे उदाहरण इथे आठवणे स्वाभाविक आहे. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावली, जमजम फुटले, आणि आजही प्रत्येक हाजी त्याच वाटेने सात फेऱ्या घालतो. बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तहानेतून तीर्थ उभे राहते हे कोरड्या मुलखातले सगळेच धर्म जाणतात.

प्रवासाची शेवटची प्रकरणे अंबाजोगाईची आहेत. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथेच कुमारिका राहिली, अशी कथा. हत्तीखान्यातल्या लेण्यांतले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असे लोक दाखवतात. चित्पावनांची कुलदेवता सह्याद्री ओलांडून बालाघाटावर कशी, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकांना अजून पुरते सापडलेले नाही, लोककथेने ते एका चुकलेल्या मुहूर्तात देऊन टाकले. गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११०चा ‘विवेकसिंधु’ त्यांनी विदर्भातल्या अंभोऱ्याला रचला असेही काही अभ्यासक मानतात. दरीत बसून वाचायला त्याने काही अडत नाही.

शक्ती, तत्त्वे, कंपने यांविषयी ज्याला खरोखर कुतूहल आहे त्याने योगेश्वरीच्या दर्शनानंतर दासोपंतांची पासोडी पाहावी, अशी माझी शिफारस आहे. दासोपंत (१५५१ ते १६१५) हे दत्तभक्त, गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारे, म्हणजे थोडक्यात आटपणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद जाडाभरड्या कापडावर पंचीकरण लिहून काढले. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश एकमेकांत कसे मिसळतात आणि त्यातून देह कसा घडतो, याचा ओळीवर ओळी, चौकटीवर चौकट असा तक्ता. बारीक मराठी अक्षर, रेघा, आकृत्या. चारशे वर्षांचे ते कापड आता नाजूक झाले आहे, तेव्हा ते पूर्ण उलगडून पाहायला मिळेलच असे नाही. जेवढे दिसेल तेवढे सावकाश वाचावे. गाभाऱ्यात लंबक धरणाऱ्या कुणीही अजून एवढे तपशीलवार उत्तर दिलेले माझ्या पाहण्यात नाही.